सोबतीचे काम एकटीने करायचे नसते

वाचकाचे पत्र, थोडक्यात : पन्नाशी ओलांडलेल्या एका भगिनींनी लिहिले आहे, की गेल्या काही वर्षांत त्यांनी आधी सासूबाईंना, मग एका मैत्रिणीला आणि अलीकडे शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांना अखेरच्या दिवसांत सोबत केली. त्या न घाबरता आजाऱ्याजवळ बसू शकतात हे पाहून आता ओळखीपाळखीची माणसे त्यांना बोलावू लागली आहेत. अशा काम करणाऱ्यांना काही देशांत ‘डूला’ म्हणतात आणि त्याचे प्रशिक्षणही मिळते, हे त्यांना नुकतेच समजले. सध्या त्यांच्यापुढे एक बोलावणे आहे. चाळिशीतल्या एका स्त्रीचा कर्करोग बरा होण्यापलीकडे गेला आहे. तिला शाळेत जाणारी दोन मुले आहेत. घरचे लोक मोबदला द्यायला तयार आहेत, मात्र ‘तिला काहीही कळता कामा नये’ अशी त्यांची अट आहे. पैसे घ्यावेत का, प्रशिक्षण नसताना हे काम करावे का आणि ही अट मान्य करावी का, हे त्यांचे प्रश्न आहेत. यजमान नाराज आहेत, कारण शेजाऱ्यांच्या आजारपणात त्या कित्येक रात्री घरीच आल्या नाहीत. पत्राच्या शेवटी त्या लिहितात : ‘मी अंघोळीपुरती घरी आले आणि नेमके तेव्हाच ते गेले. मी तिथे असायला हवे होते.’

ताई,

पत्रातली शेवटची गोष्ट मी आधी घेते, कारण तुमचे बाकीचे प्रश्न तिच्यातूनच निघाले आहेत असे मला वाटते. अखेरचा श्वास कधी थांबेल, हे अनुभवी डॉक्टरांनाही तासाच्या हिशेबात सांगता येत नाही. श्वासाची लय बिघडते, तो खोल आणि भराभर होतो, मग उथळ होत होत थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. एकोणिसाव्या शतकातल्या दोन डॉक्टरांच्या नावांवरून त्याला ‘चेन-स्टोक्स श्वसन’ म्हणतात. ही अवस्था काही तास राहते, तशी काही दिवसही राहते. रात्रंदिवस उशाशी बसलेले माणूस पाय मोकळे करायला बाहेर पडले आणि तेवढ्यात आजाऱ्याचा प्राण गेला, असे वारंवार घडते, हे हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरे न होणाऱ्या आजाऱ्यांची अखेरच्या काळात काळजी घेणाऱ्या संस्थेत, काम करणाऱ्या परिचारिका सांगतात. जाणारा माणूस एकांताची वाट पाहत असतो, असेही काही जण मानतात. ते खरे की योगायोग, हे सिद्ध करण्याचा मार्ग नाही आणि केवळ दिलासा मिळावा म्हणून तुम्ही ते मानावे, असे मी सांगणार नाही. मला खटकले ते वेगळेच. एवढ्या सविस्तर पत्रात, त्या वेळी खोलीत दुसरे कोण होते याचा कुठेही उल्लेख नाही.

कोणी असेल, तर त्या गृहस्थांना सोबत होती. ती तुमची नव्हती, इतकेच. आणि कोणीच नसेल, तर अनेक रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या बाईने अंघोळीला जावे की नाही, यापेक्षा तेवढा वेळ बसायला त्या घरात दुसरे माणूस का नव्हते, हे विचारायला हवे. कदाचित तुम्ही इतक्या समर्थपणे सगळे सांभाळत होता, की इतरांना पुढे येण्याची गरजच वाटली नसेल. हे दोषारोप म्हणून लिहीत नाही. जी माणसे मरणाला घाबरत नाहीत त्यांच्या बाबतीत हे हटकून होते. बाकीचे निर्धास्त होऊन दाराशी उभे राहतात आणि आतली व्यक्ती अधिकाधिक एकटी पडत जाते.

तुम्ही ज्या कामाबद्दल वाचलेत त्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. त्या आधी परिचारिका होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर. मरणाऱ्या माणसाची वेदना एकट्या शरीराची नसते, तिच्यात मन, नातीगोती, श्रद्धा आणि पैशाची चिंता हे सगळे मिसळलेले असते, ही मांडणी त्यांची. पुढे हॉस्पिसची व्यवस्था वाढली. पण डॉक्टर आणि परिचारिका ठरावीक वेळी येऊन जातात, मधले लांबलचक तास घरच्यांनाच काढावे लागतात, हे लक्षात येऊ लागले. न्यूयॉर्कमधल्या एका हॉस्पिसमध्ये काम करणारे समाजसेवक हेन्री फर्स्को-वाइस यांनी २००३ मध्ये प्रसूतीच्या वेळी सोबत करणाऱ्या डूलांच्या धर्तीवर अंतकाळातल्या सोबतीचा कार्यक्रम आखला. त्याचे तीन टप्पे होते. पहिल्यात आजारी व्यक्तीशी बोलून तिच्या आयुष्याचा अर्थ आणि शेवटच्या दिवसांबद्दलच्या तिच्या इच्छा समजून घ्यायच्या. दुसऱ्यात अखेरच्या तासांत पाळीपाळीने जवळ बसायचे. तिसऱ्यात, मृत्यूनंतर काही आठवड्यांनी, कुटुंबाला घडलेले पुन्हा सांगू द्यायचे, म्हणजे मनात अडकून राहिलेली एखादी भयंकर आठवण मोकळी होते. यातला ‘पाळीपाळीने’ हा शब्द तुम्ही नजरेआड करू नये. त्या कार्यक्रमात सुरुवातीपासून स्वयंसेवकांचा गट होता. एकाच व्यक्तीने अखंड जागरण करावे अशी त्यात कल्पनाच नव्हती.

याहून मोठे उदाहरण केरळचे आहे. १९९३ मध्ये कोझिकोडला काही डॉक्टरांनी आणि स्वयंसेवकांनी सुरू केलेल्या वेदनाशमनाच्या कामातून पुढे मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत वस्तीपातळीवरचे जाळे उभे राहिले आणि २००८ मध्ये राज्य सरकारने पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे वेदना व त्रास कमी करणाऱ्या सेवेचे, स्वतंत्र धोरण जाहीर केले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या मृत्यूविषयक आयोगाने २०२२ च्या अहवालात या प्रयोगाची विशेष दखल घेतली. त्या जाळ्यात येणाऱ्या स्वयंसेवकाकडून अपेक्षा काय होती, तर आपल्या भागातल्या आजाऱ्यांसाठी आठवड्यातून किमान दोन तास! संत असण्याची अट नव्हती, मृत्यूचे भय नसण्याचीही नव्हती. दोन तास देणारी पुष्कळ माणसे असली की परिचारिकेची गाडी कुठे पोहोचायची, कोणाच्या घरी धान्य संपले आहे, कोणाची मुलगी शाळेत जायची थांबली आहे, हे आपोआप कळते. तुमच्याकडे जे आहे, ती कमावलेली स्थिरता आहे आणि तिचे मोल मी कमी करत नाही. पण तिचा सर्वांत चांगला उपयोग दहा जणांना तसे बसायला शिकवण्यात आहे.

म्हणून, हे बोलावणे स्वीकारलेच तर, पहिल्या आठवड्यात उशाशी बसण्याआधी एक कागद घेऊन बसा. मधोमध त्या आजारी स्त्रीचे नाव लिहा आणि तिच्याभोवती कोण कोण आहे ते तिलाच विचारून मांडा. अगदी जवळ कोण, थोडे अंतरावर कोण, केवळ निरोप मिळाला तरी धावून येईल असे कोण. शारीरिक काळजी, म्हणजे कूस बदलणे, तोंड ओलसर ठेवणे, कपडे बदलणे, ही जवळच्यांची कामे. औषधे आणणे, बिले भरणे, मुलांचा अभ्यास, फोनवर येणाऱ्या चौकशांना उत्तर देणे ही बाहेरच्या वर्तुळातल्यांची. ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणणारी माणसे खोटी नसतात, त्यांना काय करावे हे सुचत नसते एवढेच. नेमके काम आणि नेमकी वेळ सांगितली की ती येतात. रात्रीच्या पाळ्या आधीच ठरवाव्यात आणि त्यांतली तुमची पाळी इतरांएवढीच असावी.

आता त्या अटीविषयी. ‘तिला कळता कामा नये’ असे म्हणणारी माणसे दुष्ट नसतात, ती भेदरलेली असतात. कळले तर ती धीर सोडेल आणि आहेत ते दिवसही जातील, अशी त्यांची धारणा असते. पण या धारणेच्या आत आणखी एक गृहीत दडलेले आहे, ते म्हणजे तिला अजून काही कळलेले नाही. दीर्घ उपचार घेतलेल्या, वजन उतरलेल्या, डॉक्टरांच्या बोलण्यातला बदल ऐकणाऱ्या सज्ञान स्त्रीला काहीच जाणवले नसेल हे मला संभवनीय वाटत नाही. अनेकदा दोन्ही बाजूंना ठाऊक असते आणि दोघेही एकमेकांना जपण्यासाठी नाटक करत असतात. त्या नाटकात तिसरे पात्र म्हणून तुम्ही मोबदला घेऊन शिरावे, हे मला योग्य वाटत नाही.

याचा अर्थ तुम्ही जाऊन तिला सत्य सांगावे असाही नाही. निदान आणि रोगाची वाटचाल सांगणे हे डॉक्टरांचे काम आहे, आणि किती ऐकायचे हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे. काही माणसांना खरोखरच तपशील नको असतो, तोही मान राखण्याजोगा निर्णय आहे. कुटुंबाला तुम्ही एवढेच सांगा, की ‘मी आपणहून विषय काढणार नाही, पण तिने सरळ विचारले तर मी खोटेही बोलणार नाही, तिला काय वाटते ते विचारीन आणि डॉक्टरांशी बोलणे घडवून आणीन.’ ते कबूल करतील तर पुढे जा. आजारी व्यक्तीशी बोलताना ‘तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय सांगितले आहे?’ आणि ‘आणखी जाणून घ्यायला आवडेल का?’ हे दोन प्रश्न बहुधा पुरेसे होतात. त्यानंतर गप्प राहण्याची तयारी हवी, आणि ती तुमच्याकडे आहे हे पत्रावरून दिसते.

घरच्यांना हेही समजावून सांगता येईल, की या अटीमुळे सर्वांत मोठे नुकसान मुलांचे होणार आहे. कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वी मॅक्स चोचिनोव्ह यांनी एक पद्धत विकसित केली. तिच्यात आजारी व्यक्तीला आयुष्यातले महत्त्वाचे प्रसंग, अभिमानाच्या गोष्टी, आपल्या माणसांना सांगायचे राहून गेलेले, असे ठरावीक प्रश्न विचारतात, उत्तरे ध्वनिमुद्रित करून नीट लिहून काढतात, तिला वाचून दाखवतात आणि तो मजकूर तिने निवडलेल्या माणसांना देतात. दोन शाळकरी मुलांच्या आईसाठी याहून मोलाचे काम तुम्ही क्वचितच करू शकाल. मुलांच्या पुढच्या वाढदिवसांसाठी चार ओळी, एखादी गोष्ट तिच्या आवाजात, कोणत्या फोटोत कोण आहे याची नोंद, असे पुष्कळ काही होऊ शकते. पण आपण जाणार आहोत हे जिला ठाऊकच नाही, असे धरून चालायचे आहे, तिच्याकडून हे करवून घेणार कसे? आणि यासाठी लागणारी शक्ती शेवटच्या आठवड्यांत राहत नाही, म्हणून उशीरही परवडत नाही.

प्रशिक्षणाच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे. ब्रिटन आणि अमेरिकेतही डूलांसाठी सरकारी परवाना लागत नाही; प्रमाणपत्रे खासगी संस्था देतात आणि त्यांचा दर्जा एकसारखा नाही. आठवड्याच्या ऑनलाइन वर्गानंतर मिळालेला कागद भिंतीवर लावता येतो, पण रात्री अडीच वाजता घशातली घरघर ऐकून घाबरलेल्या मुलासमोर त्याचा उपयोग होत नाही. त्यापेक्षा जवळच्या हॉस्पिसमध्ये किंवा रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह केअर विभागात स्वयंसेवक म्हणून काही महिने अनुभवी माणसांच्या हाताखाली काम करा. जो अभ्यासक्रम निवडाल त्यात प्रत्यक्ष काम, त्यावर चर्चा करणारी अनुभवी व्यक्ती आणि आपल्या मर्यादांचे स्पष्ट शिक्षण आहे ना, हे पाहा.

मर्यादा म्हणजे काय, हे सांगायला हवे, कारण प्रेमापोटी त्या सर्वांत आधी ओलांडल्या जातात. डूला औषध देत नाही, मात्रा बदलत नाही, उपचार थांबवा किंवा सुरू करा असे सुचवत नाही. मात्र तिला पुरेसे ठाऊक असले पाहिजे, म्हणजे काय नेहमीचे आणि कशासाठी परिचारिकेला बोलवायचे हे ती ओळखू शकेल. शेवटच्या दिवसांत अन्नपाणी नको होणे ही शरीराची स्वाभाविक अवस्था आहे. नीट गिळता येत नसताना बळेच भरवले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. हातपाय गार पडणे, त्वचेवर निळसर-जांभळट छटा येणे, घशात घरघर होणे हे अपेक्षित बदल आहेत. ती घरघर आजाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांना जास्त त्रास देते असे मानले जाते आणि कुशीवर वळवल्याने बऱ्याचदा कमी होते. याउलट चेहऱ्यावरच्या आठ्या, कण्हणे, तळमळ, धाप यांकडे ‘आता असेच असणार’ म्हणून दुर्लक्ष करायचे नसते. त्यांवर उपाय असतात आणि त्यासाठी लगेच फोन करायचा असतो. मॉर्फिन सुरू केले म्हणजे शेवट जवळ आणला, ही समजूत अजून घट्ट आहे. योग्य मात्रेत दिलेले मॉर्फिन वेदना आणि धाप कमी करते, ते मरण ओढवण्यासाठी नसते. कुटुंबाच्या मनातली ही भीती तुम्ही डॉक्टरांसमोर मांडायला लावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअरची गरज असते आणि ती मिळते साधारण १४ टक्क्यांना. तेव्हा त्या स्त्रीपर्यंत ही सेवा पोहोचली आहे का, हे सगळ्यात आधी विचारा. पोहोचली नसेल, तर ती मिळवून देणे हेच तुमचे पहिले काम. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाशी आयुष्याच्या अर्थावर कोणी बोलू शकत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. प्रतिसाद थांबल्यावरही ऐकू येत असावे, असे परिचारिका पूर्वीपासून म्हणत आल्या आहेत. २०२० मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हॉस्पिसमधल्या काही अशा रुग्णांच्या मेंदूची नोंद घेतली, तेव्हा आवाजाला मेंदू प्रतिसाद देत असल्याचे त्यांना आढळले. अभ्यास लहान होता आणि ऐकलेले त्यांना कळत होते का, हे त्यावरून ठरत नाही. तरी खोलीत मालमत्तेचे वाद न घालण्याला आणि निरोपाचे चार शब्द बोलण्याला एवढे कारण पुरे आहे.

पैशांबद्दल तुम्ही फारच संकोचाने लिहिले आहे. मरणाच्या घरातून पैसे घेणे हे तुम्हाला अशुभ वाटते की अनैतिक, हे मला नीट समजले नाही. डॉक्टर घेतात, परिचारिका घेतात, तेव्हा त्यांच्या करुणेवर आपण शंका घेत नाही. बायकांनी घराबाहेर केलेली शुश्रूषाही फुकटच असावी, या जुन्या अपेक्षेला तुम्ही नैतिकतेचे नाव देत नाही ना, हे एकदा तपासून पाहा. खरी अडचण वेगळी आहे. पैसे देणार कुटुंब आणि सेवा असणार आजारी स्त्रीची. दोघांच्या इच्छा जुळल्या नाहीत तर तुम्ही कोणाच्या? हे उत्तर आधीच स्पष्ट नसेल, तर पैसे घेऊ नका. स्पष्ट असेल, तर तास, मोबदला, तुम्ही काय कराल आणि काय करणार नाही, हे एका पानावर लिहून दोन्ही बाजूंनी सही करा. भेटवस्तू, दागिने, मृत्युपत्रातला वाटा स्वीकारू नका, मृत्युपत्रावर साक्षीदारही होऊ नका. बँकेचे व्यवहार आणि कपाटाच्या किल्ल्या यांपासून दूर राहा. उपचारांविषयीचे इच्छापत्र करायचे असेल, तर त्याचे नियम देशोदेशी वेगळे असतात, म्हणून वकील आणि डॉक्टर यांच्याकडूनच ते समजून घ्यायला सांगा. घरी मृत्यू झाल्यास प्रमाणपत्र कोण देणार आणि नोंद कुठे करायची, हेही आधी विचारून ठेवावे. त्या क्षणी धावपळ नसेल तर कुटुंबाला पार्थिवाजवळ शांतपणे बसता येते, स्वतःच्या हातांनी अंग पुसता येते आणि घाई करण्याचे कारण राहत नाही.

यजमानांच्या नाराजीविषयी फार लिहीत नाही. ते या कामाच्या विरुद्ध आहेत असे तुम्ही म्हणता, पण पत्रात त्यांचे जे शब्द दिले आहेत त्यांत फक्त तुमच्या गैरहजेरीची तक्रार आहे. पाळ्या ठरल्या तर निम्मी तक्रार मिटावी. शिवाय ओळीने तीन मृत्यू तुम्ही जवळून पाहिले आहेत आणि त्यांतले दोन तुमच्या स्वतःच्या माणसांचे होते. सासूबाई आणि मैत्रीण यांच्यासाठी तुम्ही रडलात कधी, हे पत्रात नाही. पुढच्या घरी जाण्याआधी थोडे थांबावेसे वाटले तर ती माघार समजू नका, आणि गेलात तर महिन्यातून एकदा तरी मनातले बोलता येईल अशी अनुभवी व्यक्ती शोधून ठेवा.

कुटुंबाशी पहिली भेट होईल तेव्हा मुलांचा विषय टाळू नका. आई फार आजारी आहे, डॉक्टर आता तिला बरे करू शकत नाहीत, यात तुमची काही चूक नाही, आणि तुमची काळजी घ्यायला अमुक अमुक माणसे आहेत, एवढे सोप्या शब्दांत मुलांना सांगायला हवे आणि ते आईने किंवा वडिलांनी सांगायला हवे, तुम्ही नव्हे. ‘झोपली’, ‘दूर गेली’ असे शब्द वापरले की लहान मुले झोपायला घाबरतात किंवा वाट पाहत राहतात. वडिलांना हे बोलणे जमणार नाही असे वाटत असेल, तर त्यांच्याबरोबर आधी बसून शब्द ठरवा. आणि सगळे सांगूनही घरचे लोक अटीवर अडून राहिले, तर हे काम मोबदल्यावर घेता येणार नाही असे नम्रपणे कळवा, पॅलिएटिव्ह केअर विभागाचा फोन नंबर त्यांच्याकडे देऊन ठेवा आणि बाहेरच्या वर्तुळात तुमचे नाव लिहायला सांगा. मुलांना शाळेतून आणणे, औषधे आणून देणे, रात्रभर जागलेल्या नवऱ्याला दोन तास झोपू देणे, यांतल्या कशालाच ती अट आड येत नाही.